निळ्या रात्रीची बाजू

मराठी भयमालिकेत जुन्या वाड्याचं दार करकरलं की बाहेरची रात्र हमखास निळी असते. चोखंदळ प्रेक्षक हसतात, आणि भौतिकशास्त्र त्यांच्याच बाजूचं आहे. चांदणं म्हणजे परावर्तित सूर्यप्रकाश, तोही मुळापेक्षा किंचित तांबूस. पण पाहणारा डोळा माणसाचा असतो, हे हसणारे विसरतात. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञानं 1825 साली लिहून ठेवलं, की उजेड ओसरताना लाल रंग आधी काळवंडतो आणि निळा-हिरवा त्यामानानं उठून दिसतो. दिवसा काम करणाऱ्या शंकूपेशींना 555 नॅनोमीटरचा प्रकाश सर्वाधिक जाणवतो, अंधारातल्या दंडपेशींना 507च्या आसपासचा, लालाकडे त्या जवळजवळ आंधळ्या. याचं उदाहरण ‘रात्रीस खेळ चाले’ ही भयमालिका: तिचं दुसरं पर्व, त्यातल्या अण्णा नाईक या पात्राचा मागचा काळ सांगणारं, 2019 साली सुरू झालं. चित्रीकरण सिंधुदुर्गातल्या आकेरीचं. कोकणातला तांबडा जांभा चांदण्यात काळाठिक्कर पडतो आणि झाडोरा तेवढा उजळ राहतो. कॅमेऱ्याचा संवेदक रात्री अशी रंगपारख बदलत नाही, म्हणून ती छायालेखकाला बाहेरून घालावी लागते.

खोटेपणा असलाच तर घरातल्या सपाट उजेडात आहे. कंदिलाची ज्योत साधारण 2000 केल्व्हिनची, पिवळीजर्द. तिच्यापासून एक मीटरवर जेवढा उजेड, त्याचा नववा हिस्सा तीन मीटरवर. चेहरा उजळतो, मागचा कोनाडा बुडतो, आणि कंदील जमिनीवर ठेवला तर माणसाची सावली आढ्यापर्यंत चढते. वीज नसलेला काळ उजेडाच्या या उतारातच दिसतो, वेशभूषेत नंतर. यावर आक्षेप असा, की लोक मालिका ट्यूबलाइटखाली पाहतात, गडद छटा प्रक्षेपणात फुटतात. खरं आहे; ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या 2019मधल्या ‘द लाँग नाइट’ या भागात काही दिसेना म्हणून जगभर ओरड झाली. पण उजेड वाढवायचा तर सगळाच वाढवावा, चेहरा आणि कोनाडा यांतलं प्रमाण मोडू नये. स्टॅन्ली कुब्रिकला ‘बॅरी लिंडन’मध्ये (1975) मेणबत्त्यांवर चित्रण करायला नासासाठी बनवलेलं एफ/0.7चं भिंग लागलं होतं. आजच्या संवेदकांना तेवढा खटाटोप नको. उद्या कुणी परभणी जिल्ह्यातल्या चारठाण्याच्या हेमाडपंती देवळांत निजामी काळाची भयकथा उभी केली, तर मात्र कोकणाची नक्कल चालणार नाही. तिथला बेसाल्ट मुळातच करडा-काळा, काळवंडायला लालच नाही. मराठवाड्यातली ती रात्र निळ्या फिल्टरपेक्षा कंदिलावरच उभी करावी लागेल.