परदेशात पायलट झालात, तरी इथे उडवायला भारताचंच लायसन्स

बेळगाव, गोवा, इंदूर, बडोदा. कुठल्याही गावातलं मराठी घर घ्या, मुलाला पायलट करायचं म्हटलं की अमेरिका किंवा दक्षिण आफ्रिकेचं नाव निघतंच. तिथे हवामान चांगलं, विमानं जास्त, कोर्स लवकर संपतो. हे खरंही आहे. पण तिथलं कमर्शियल लायसन्स हातात आलं म्हणून इंडिगो किंवा एअर इंडियाच्या कॉकपिटमध्ये बसता येत नाही. भारतात नोंदलेलं विमान नोकरी म्हणून उडवायला डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं लायसन्स लागतं. परदेशी लायसन्सवरून ते मिळवणं यालाच बोलीत 'कन्व्हर्जन' म्हणतात.

घोळ होतो तो तासांच्या हिशेबात. भारतात कमर्शियल लायसन्सला २०० तास उड्डाण लागतं. त्यातले १०० तास स्वतः कमांडमध्ये. अमेरिकेत दोन वाटा आहेत: पार्ट ६१ मध्ये २५० तास, तर पार्ट १४१ च्या मान्यताप्राप्त शाळेत १९० तासांतही लायसन्स मिळतं. १९० वाला घरी आला की दहा तास कमी! शिवाय तिथे प्रायव्हेट लायसन्स झालेला विद्यार्थी शेजारी शिक्षक बसलेला असतानाही, कंट्रोल स्वतःकडे असले तर तो वेळ कमांडचा म्हणून लॉगबुकात लिहू शकतो. आपल्याकडे शिक्षकाबरोबरचा वेळ 'ड्युअल' धरतात. त्यामुळे लॉगबुकात दीडशे दिसणारे तास इथल्या तपासणीत शंभराच्या खाली येऊ शकतात. परदेशी शाळेला हे सांगायची गरज वाटत नाही, तिला तिच्या देशाचं लायसन्स द्यायचं असतं. म्हणून पहिल्या दिवसापासून लॉगबुक भारतीय नियमाने वेगळं जुळवत राहिलेलं बरं: ३०० नॉटिकल मैलांचा एक क्रॉस-कंट्री प्रवास, त्यात दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून लँडिंग, रात्रीचे किमान पाच तास, दहा टेक-ऑफ आणि दहा लँडिंग.

दुसरी अडचण सहा महिन्यांची. शंभर कमांड तासांतले १५ तास अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांत झालेले हवेत, आणि कौशल्य चाचण्याही ताज्या हव्यात. मुलगा परत येतो, परीक्षेच्या तयारीला लागतो, एखादा पेपर अडकतो आणि सहा महिने निघून जातात. मग पुन्हा पैसे भरून तास उडवायचे. कर्ज काढलेल्या घराला हा खर्च फार जड जातो. यासाठी पेपर आधी आणि उड्डाण नंतर, हा क्रम बऱ्याच जणांना परवडतो.

पेपर कोणते? हवाई नियमांचा पेपर द्यावाच लागतो, आणि परदेशी लायसन्सधारकांसाठी दिशादर्शन व हवामान यांचा एकत्रित 'कॉम्पोझिट' पेपर असतो. पास व्हायला ७० टक्के लागतात. त्याआधी डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर, आणि तो मिळायला बारावीत फिजिक्स-मॅथ्स. परदेशी प्राधिकरणाकडून लायसन्स खरं असल्याची पडताळणीही होते.

रेडिओचं लायसन्स, म्हणजे आरटीआर, इथे मोठा बदल झालाय. पूर्वी ही परीक्षा दूरसंचार विभाग घ्यायचा आणि तारखांसाठी मुलं ताटकळायची. १९३४ च्या जुन्या विमान कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला, आणि हे काम डीजीसीएकडे आलं. कोचिंगवाल्यांच्या जुन्या पीडीएफवर विसंबू नये, नियम डीजीसीएच्या साईटवरच बघावेत.

मेडिकल मात्र सगळ्यात आधी. आधी क्लास टू, मग क्लास वन. बेळगावकरांना क्लास वनसाठी बेंगळूरचं हवाई दलाचं एरोस्पेस मेडिसिन केंद्र जवळ. रंगदृष्टीत खोट निघाली तर ती फी भरण्यापूर्वी कळलेली परवडते. परदेशात मेडिकल पास झालं म्हणून इथे होईलच असं नाही.

एअरलाईन ट्रान्स्पोर्ट लायसन्स ही पुढची, कॅप्टनची पायरी. तिला १५०० तास लागतात. २०० तासांवर फर्स्ट ऑफिसर म्हणून बसता येतं, पण त्यासाठी एअरबस ३२० सारख्या विमानाचं टाईप रेटिंग वेगळं, आणि त्याचा खर्च बरेचदा उमेदवाराच्याच खिशातून.

आता बेळगावच्या सांबरा विमानतळासह जळगाव, कलबुर्गी इथेही प्रशिक्षण संस्थांना जागा देण्याचं २०२१ मध्ये ठरलं. इथे शिकलं तर कन्व्हर्जनचा प्रश्नच येत नाही, वेळ मात्र पावसाळ्यात जास्त लागतो.