राघो वल्द गणू, गणू वल्द राघो

अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याला लागलं की पेढी नदीकाठी वलगाव लागतं. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीकडे नेत असताना याच गावाशी, पेढीच्या पुलाजवळ, गाडगे महाराजांनी देह ठेवला. तेव्हापासून वलगाव म्हटलं की निर्वाणभूमी. पण थोडा वेगळा प्रश्न विचारून बघा. उद्या कुणा अभ्यासकाला महाराजांच्या खापरपणजोबापर्यंत पोहोचायचं असेल, तर त्याने जुन्या दप्तरात कोणतं नाव शोधावं?

'गाडगे' शोधलं तर फसगत ठरलेली. ते नाव हातातल्या मडक्यावरून लोकांनी ठेवलेलं. घरचं नाव डेबूजी, वडील झिंगराजी, आडनाव जानोरकर. गाडगे आडनावाची घराणी महाराष्ट्रात निराळी आहेत. त्यांच्या वंशावळीत महाराजांना बसवणारा उत्साही माणूस एका झटक्यात दोन घराणी नासवील. बरं, जानोरकर हे नाव धरून जन्मगावी शेंडगावला गेलं, तरी बालपणाचा माग तिथे पुरा लागत नाही. वडील लवकर वारले आणि आई सखुबाई लेकराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला गेली. माणूस अमरावती जिल्ह्यातला, वाढला अकोला जिल्ह्यात. तिथे मामांची शेती कर्जापायी सावकाराकडे गेली, हे चरित्रांतून आपण वाचतो. म्हणजे शोध बापाच्या गावात सुरू होतो, आईच्या माहेरी जातो आणि सावकाराच्या खात्यात जाऊन अडकतो. वऱ्हाडातल्या शेकडो साध्या घरांची गत हीच आहे. फरक इतकाच की त्यांची चरित्रं कुणी लिहिली नाहीत.

आडनावाचा घोळ नुसता संतांच्या बाबतीत होतो असं नाही. देशाचे कृषिमंत्री झालेले पंजाबराव देशमुख 1898 साली पापळला जन्मले. त्यांच्या घराण्याचं मूळ आडनाव कदम. देशमुखी ही परगण्याची वतनदारी. वसुलीवर देखरेख देशमुखाची, हिशेब देशपांड्याचा. पुढे वतनाचा अधिकार गेला, नाव तेवढं उरलं आणि तेच आडनाव झालं. त्यामुळे शेजारच्या दोन परगण्यांतले दोन देशमुख एकमेकांचे भाऊबंद असतीलच असं नाही, आणि एकाच मूळपुरुषाचे दोन नातू, एक देशमुख नि एक कदम, असे दोन वेगळ्या पानांवर सापडू शकतात. तीच गोष्ट पाटलांची. आडनाव जुळलं म्हणून वंश जुळला, हा वऱ्हाडातल्या वंशावळींतला सगळ्यात महागडा समज आहे.

हे सगळं आताच का उकरायचं, तर लोक ते आताच उकरताहेत. सप्टेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. कुणबी नोंदी शोधायचं काम आधी मराठवाड्यापुरतं होतं, मग ते राज्यभर गेलं, आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. वऱ्हाडात कुणबी दाखले पूर्वीपासूनच आहेत; इथली धावपळ वेगळी. पोराला इंजिनिअरिंगला किंवा मेडिकलला नंबर लागतो आणि 'व्हॅलिडिटी' मागतात. इतर मागासवर्गीयांसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा, भटक्या-विमुक्तांसाठी 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा, अनुसूचित जाती-जमातींसाठी 1950 च्या आधीचा. सोबत वंशावळीचं शपथपत्र. तोवर ज्या घरात पणजोबाचं नाव कुणी विचारलं नव्हतं, तिथे आठ दिवसांत पाच पिढ्यांचं झाड उभं राहतं. घाईत उभं केलेलं झाड कुठे कुठे चुकीच्या बुंध्यावर बसतं, हे सांगायला नको.

विदर्भातला शोध सहसा शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरपासून सुरू होतो. तिथून कोतवाल बुक, म्हणजे गावच्या कोतवालाने दिलेल्या खबरेवरून भरलेली जन्ममृत्यूची नोंदवही. मग 1954-55 चा अधिकार अभिलेख (विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता, त्याची ही खूण), फेरफार पंजी, पेरेपत्रक, खरेदीखतं. प्रत्येक कागद आपल्यापरीने खरा असतो आणि आपल्यापरीने दगा देतो. शाळेत जन्मतारखेच्या रकान्यात 1 जुलै दिसली की ती मास्तरांनी घातलेली समजावी. कोतवाल बुकात जन्माच्या नोंदीला बहुधा बाळाचं नाव नसतंच, कारण नोंद होते तेव्हा बारसं व्हायचं असतं. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, बस्स. त्या बापाला चार मुलगे असतील तर ही नोंद कोणाची? लोक सरळ आपल्या आजोबाची म्हणून उचलतात.

पण खरी गाठ नावांच्या फेऱ्यात आहे. नातवाला आज्याचं नाव ठेवायचं, ही जुनी रीत. समजा मूळपुरुष राघो. त्याला दोन मुलगे, गणू आणि संपत. दोघांनीही पहिल्या मुलाचं नाव बापाच्या आठवणीत राघोच ठेवलं. पुढे गणू तरणाताठा गेला म्हणून दोन्ही राघोंनी आपापल्या एकेका पोराचं नाव गणू ठेवलं. झालं! आता एकाच गावात, एकाच जातीचे, जवळपास एकाच वयाचे दोन 'गणू वल्द राघो' नांदताहेत, आणि दप्तरात आडनाव लिहायची पद्धत अजून रुळलेली नाही. एक गणू छपन्नच्या दुष्काळात, म्हणजे 1899-1900 मध्ये मेला. दुसरा 1911 मध्ये शेत विकतो. आजचा वारस दोघांना एक समजला तर मेलेल्या माणसाच्या अंगठ्याने खरेदीखत होतं. नागपूरकर भोसल्यांच्या घरात तीन रघुजी झाले, तर इतिहासकारांनी त्यांना पहिला, दुसरा, तिसरा असे आकडे दिले. कुणब्या-माळ्याच्या राघोला आकडा कोण देणार? फार तर गावाने 'थोरला' नाहीतर 'लंगडा' म्हटलेलं असतं, आणि पटवाऱ्याने कधीमधी मेहेरबानी करून 'ऊर्फ' लिहिलेलं असतं.

हा गुंता आपलाच आहे असं मात्र नाही. स्कॉटलंडमधून आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टरमध्ये आणि तिथून अठराव्या शतकात पेन्सिल्व्हेनियाकडे गेलेल्या प्रेस्बिटेरियन घराण्यांत हुबेहूब हीच रीत होती. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं. एकेका वस्तीत जॉन, जेम्स आणि रॉबर्ट यांचा सुकाळ. त्यात 30 जून 1922 रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सरकारी दप्तर यादवी युद्धात जळालं. 1821 ते 1851 च्या बहुतेक जनगणना त्यात गेल्या. नंतरच्या दोन सरकारने आधीच नष्ट केल्या होत्या, आणखी दोन पहिल्या महायुद्धात रद्दीत निघाल्या. त्यामुळे अमेरिकेतले वंशज समुद्रापलीकडच्या जॉनला अलीकडच्या जॉनशी जोडताना अजूनही अडखळतात. तिथल्या जाणत्या संशोधकांनी काढलेला मार्ग वऱ्हाडालाही लागू पडतो: नाव सोडा, जमीन धरा.

इथे वऱ्हाडचं नशीब बरं. 1853 मध्ये निजामाकडून हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आला आणि 1860 च्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी सुरू झाली. शेताला सर्व्हे नंबर मिळाला, धारा ठरला, आकारबंदात क्षेत्र चढलं. राघो बदलतो, गणू बदलतो; पेढीकाठचं सोळा एकर शेत जागचं हलत नाही. म्हणून वरचे दोन गणू वेगळे करायचे तर दोन कागद घ्यावे, दोन सर्व्हे नंबर टाकावे आणि प्रत्येकाखाली साल लावत त्या शेताचे खातेदार मांडत जावं. माणसांची रांग आपोआप लागते. एका शेतावर एकाच वेळी दोन बाप दिसले, की आपण चुकीचा गणू धरला हे त्याच दिवशी कळतं. शेत विकलं तर रांग तुटते खरी, पण विकताना तरी विकणाराचं नाव, बापाचं नाव, गाव, धंदा, सगळं लिहिलं जातं. एक म्हातारे गृहस्थ हसत म्हणाले ते खोटं नाही: "आमच्या आज्यानं वावर इकलं नसतं, तं तुमाले त्याचं नावही भेटलं नसतं."

या रांगेत दोन पिढ्यांचा सांधा पुष्कळदा एखादी बाई असते, आणि तिच्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं. नवरा असताना ती 'जौजे', नवरा गेल्यावर 'बेवा'. फेरफारात ओळ असते ती अशी: गणू वल्द राघो, अज्ञान, पालनकर्ती आई भागी बेवा राघो. या एका ओळीत तीन गोष्टी पक्क्या होतात. राघो तेव्हा मेलेला होता, मुलगा लहान होता, आईचं नाव भागी होतं. दुसऱ्या राघोची बायको सारजा असेल, तर दोन्ही घरं इथेच वेगळी होतात. उलट, पालनकर्ता चुलता असेल तर हमखास चूक होते. 'अ.पा.क.' ही तीन अक्षरं घाईत नजरेतून निसटतात, चुलता बाप ठरतो आणि एक अख्खी शाखा दुसरीवर कलम होते. वंशावळींत मला सगळ्यात जास्त धास्ती या चुकीची वाटते, कारण ती दिसायला अगदी निर्दोष असते. पाटाची मुलं, दत्तक गेलेले, घरजावई होऊन सासऱ्याच्या शेतावर राहिलेले, यांच्या गाठीही अशाच सुटतात. फक्त भाऊबंदांना त्या सुटलेल्या आवडत नाहीत.

मागे, 1853 च्या पलीकडे जायचं तर साल लावताना जपावं लागतं. 1803 च्या देवगावच्या तहापर्यंत वऱ्हाडात दोअमली होती, वसुलात निजामाचाही वाटा आणि नागपूरकर भोसल्यांचाही. एकाच गावाची हकीकत म्हणून दोन दरबारांच्या दप्तरांत विखुरली. कागदावर कुठे फसली सन, कुठे शक. दक्षिणेतल्या फसलीत 590 मिळवले की इसवी सन येतं, वर्षाच्या उत्तरार्धात 591, शकात 78. फसली 1210 म्हणजे 1800-01, हे न ओळखता तो आकडा शक समजला तर माणूस 1288 मध्ये, थेट देवगिरीच्या यादवांच्या काळात जाऊन बसतो. असा चमत्कार लगेच पकडला जातो. पकडला जात नाही तो उत्तरेकडच्या फसलीचा, कारण तिथे फरक दोनच वर्षांचा. मोडीचंही तेच. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दांमध्ये जागा नाही, आणि नावं तोडून लिहायची सवय. जातीच्या रकान्यातलं 'कु.' म्हणजे कुणबी. शाळेच्या रजिस्टरात मुलीच्या नावाआधीचं 'कु.' म्हणजे कुमारी. रकाना न बघता नुसतं अक्षर वाचणाऱ्याने काय काय शोधून काढलं असेल, कल्पना करा. शिवाय 1905 पर्यंत एलिचपूर, म्हणजे अचलपूर, हा स्वतंत्र जिल्हा होता. मग तो अमरावतीत मिसळला. जुन्या कागदावर 'जिल्हा एलिचपूर' दिसलं म्हणून घराणं कुठून स्थलांतर करून आलं, असं मानायचं कारण नाही. माणसं तिथेच होती, जिल्ह्याची पाटी बदलली.

भाटांच्या वह्या आणि त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयागच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या यांचं मोल मोठं आहे. अमेरिकेतल्या युटामधल्या वंशावळ संस्थेने हरिद्वारच्या वह्यांच्या सूक्ष्मफिती उगाच नाही करून नेल्या. यात्रेकरूने स्वतः बसून सांगितलेली, साल-तिथीची, सही-अंगठ्याची नोंद म्हणजे सोनं. पण वहीतलं मूळपुरुषाकडचं टोक तपासूनच घ्यावं. तिथे एकाएकी उदेपूर किंवा धार उगवलं की समजावं, भाटाला त्या वर्षी दक्षिणा चांगली मिळाली होती.

ज्यांच्या नावावर शेतच नव्हतं त्यांचं काय, इथे ही पद्धत लंगडी पडते, आणि वऱ्हाडात असे थोडे नव्हते. परीट, न्हावी, मांग, महार यांची नावं सर्व्हे नंबरांखाली क्वचित येतात. गावच्या जन्ममृत्यूची खबर देणारा कोतवाल पुष्कळदा महारच असे. साऱ्या गावाच्या पिढ्या ज्याच्या तोंडून कागदावर चढल्या, त्याच्या स्वतःच्या पिढ्या मांडायला सातबारा नाही. त्यांच्यासाठी वतनाचे कागद, मजुरी आणि खटल्यांचे कागद, शाळा, आणि 1951 चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर, एवढीच वाट. त्यात 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्यानंतर एकाच घरात थोरल्या भावाच्या दाखल्यावर 'महार', धाकट्याच्या दाखल्यावर 'बौद्ध' असं दिसतं, आणि पडताळणीत धाकट्याला थोरल्याशी असलेलं नातं नव्याने सिद्ध करावं लागतं. बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा 1990 च्या दुरुस्तीने मिळाला. मधल्या चौतीस वर्षांत भरलेल्या रजिस्टरांत कोणी काय लिहून घेतलं याला त्या त्या वेळच्या सवलतीचं आणि स्वाभिमानाचं कारण आहे. तिथे दोन शब्द वेगळे दिसले म्हणून दोन घरं समजायची नाहीत. आईचं नाव, गाव आणि शाळेतला दाखल क्रमांक बघायचा. दोघे भाऊ एकाच वर्षी आगेमागे शाळेत घातले असतील, तर दोन्ही नोंदी बहुधा एकाच पानावर मिळतात.