गुत्तीचा निळा कोळी

सोलापूरहून मद्रास मार्गाची गाडी धरली की वाडी, रायचूर, गुंतकल अशी स्टेशनं मागे पडत जातात आणि मग गुत्ती येतं. मराठी वाचकाला हे नाव ठाऊक असतं ते मुरारराव घोरपड्यांमुळे. त्यांचा तो डोंगरी किल्ला पुढे हैदरअलीने घेतला. जगभरातले कोळी पाळणारे हौशी मात्र गुत्तीचं नाव घेतात ते एका झळझळीत निळ्या टॅरंटुलासाठी, ‘पोसिलोथेरिया मेटॅलिका’साठी. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या पोकॉक यांनी १८९९ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. नमुना मिळाला होता गुत्तीतल्या रेल्वेच्या लाकूडवखारीत!

एका प्रवासात मी मुद्दाम तिथे उतरलो. वखार कुठे होती, हे फलाटावर कोणालाच सांगता आलं नाही. कळलं असतं तरी फारसा उपयोग नव्हता, कारण कोळी मुळात तिथला नव्हताच. शंभर वर्षं तो कोणाच्या नजरेस पडला नाही आणि २००१ साली पुन्हा सापडला तो गुत्तीपासून शंभरेक किलोमीटरवर, नंद्याळ-गिद्दलूर भागातल्या जंगलात. जुन्या झाडांच्या ढोलीत तो राहतो. तोडलेल्या ओंडक्यांबरोबरच तो वखारीत पोचला असावा.

त्याची निळाई रंगद्रव्याची नाही. अंगावरच्या केसांची अतिसूक्ष्म रचनाच निळा प्रकाश परतवते. टॅरंटुलांमध्ये हा निळा रंग किमान आठ वेळा स्वतंत्रपणे निर्माण झाला, असं २०१५ सालच्या एका अभ्यासात दिसलं. या प्राण्यांची नजर तर अधू. मग ही निळाई कोणासाठी? या प्रश्नाने मला कित्येक रात्री जागवलं आहे.

हौसेची दुसरी बाजू थोडक्यात सांगतो. त्याचं ज्ञात क्षेत्र १०० चौरस किलोमीटरपेक्षाही कमी. २००८ पासून तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे आणि २०१९ पासून या संपूर्ण कुळीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइटिस’ कराराचं नियंत्रण आहे. उलट दिशेनेही माल येतो: २०२१ मध्ये चेन्नईच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांना पोलंडहून आलेल्या एका टपाल पार्सलात छोट्या कुप्यांमध्ये १०७ जिवंत कोळी सापडले. जंगलातला टॅरंटुला उचलून घरी आणू नये, हे माझं ठाम मत आहे. शिवाय या कुळीतले कोळी विजेसारखे पळतात आणि त्यांच्या दंशाने स्नायूंत येणारे पेटके काही दिवस टिकू शकतात.

पण पाळणाऱ्यांनी पेटीसमोर बसून जे टिपलं, ते मोलाचं आहे. कात टाकण्याचंच घ्या. टॅरंटुला उताणा होतो, पाय वर करतो आणि नवखा मालक घाबरतो. खरं तर कोळ्याचे पाय लांब होतात ते शरीरातल्या द्रवाच्या दाबाने. तो मेला की दाब जातो आणि पाय पोटाखाली आकसतात. म्हणून पाय पसरून उताणा पडलेल्या कोळ्याला हात लावू नये. टाकलेली कात मात्र जपून ठेवावी. मादीच्या शुक्रकोशाचं अस्तरही कातीबरोबर निघून येतं. साबणाच्या पाण्यात कात मऊ करून भिंगाखाली पाहिली, की नर का मादी ते कळतं. मादी प्रौढ झाल्यावरही कात टाकत राहते आणि दहा वर्षांहून अधिक जगू शकते. नराचं आयुष्य त्या मानाने फारच थोडं.

सोलापूरकराला पेटीचीही गरज नाही. नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे जाताना बाभळी-बोरींवर, काटेरी कुंपणांवर मळकट जाळ्यांचे पुंजके दिसतात. ती ‘स्टेगोडायफस’ कोळ्यांची वस्ती. एरवी एकमेकांना खाणाऱ्या या जातकुळीत हे कोळी डझनांनी, कधी शेकड्यांनी एकत्र राहतात. त्यांचा धागा पिंजलेल्या लोकरीसारखा असतो. त्यात चिकट थेंब नसल्यामुळे आपल्या कोरड्या हवेत तो वाळून निकामी होत नाही. मोठा टोळ अडकला की अनेक माद्या मिळून त्याला ओढतात. पिल्लं आधी आईने ओकलेलं अन्न खातात आणि शेवटी आईलाच.

या माद्यांना बघायचं तर ऊन उतरल्यावर जावं, कारण दिवसा त्या आत दडलेल्या असतात. बॅटरीवरचा दाढीचा ट्रिमर सुरू करून जाळ्याच्या कडेला अगदी हलकेच टेकवावा. ती थरथर भक्ष्याची समजून आधी एखादी धीट मादी पुढे येते, मग तिच्यामागून बाकीच्या.