टॅबलेट नकार का देतो?

शाळेच्या टॅबलेटला सूक्ष्मदर्शकाचा कॅमेरा जोडताच ‘या उपकरणाला फार वीज लागते’ असे पडद्यावर उमटले, तर कॅमेरा बिघडला असे समजू नका. यूएसबी 2.0 च्या नियमाप्रमाणे 5 व्होल्ट दाबाने फार तर 500 मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॉट मिळतात. (आपल्या परळीच्या औष्णिक केंद्रातला 250 मेगावॉटचा एक संच याच्या दहा कोटी पट!) गंमत अशी, की टॅबलेट वीज मोजून पाहत नाही. उपकरणच आधी आपली कमाल मागणी कळवते. ती मर्यादेबाहेर असली की नकार! म्हणून प्रत्यक्षात कमी वीज घेणारा पेनड्राइव्हही कधी अडतो. अशा वेळी मध्ये स्वतंत्र वीजपुरवठ्याचा हब जोडा. कॅमेऱ्याला वीज भिंतीवरच्या प्लगमधून मिळेल, टॅबलेटकडे चित्र तेवढे जाईल.