माध्यमिक शालागृह, मुंबई उपनगरांतील

माध्यमिक शाळेच्या अध्यापनासाठी योजिलेली इमारत आणि तिच्या भोवतालची मोकळी जागा मिळून शालागृह होते. महाराष्ट्रात माध्यमिक शाळा बहुधा पाचवी ते दहावी या इयत्तांच्या असतात. त्यामुळे दहा वर्षांचे मूल आणि सोळा वर्षांचा किशोर यांना एकाच इमारतीत वावरावे लागते. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड इ. मुंबईच्या उपनगरांत ही रचना मुख्यतः तीन गोष्टींनी ठरली : जागेची टंचाई, पाऊस आणि दोन अधिवेशनांत भरणारी शाळा. अध्ययन व स्वास्थ्य यांच्या दृष्टीने शालागृहाचा विचार करताना वर्गखोल्यांची संख्या हे येथील नेहमीचे माप अपुरे ठरते. हवा, उजेड, शांतता आणि वेळापत्रकात न बसणारी जागा यांवर विद्यार्थ्याचे दिवसभराचे अवधान अवलंबून असते आणि टंचाईत प्रथम त्याच गोष्टींना कात्री लागते.

ऐतिहासिक आढावा : साष्टी बेटावरील जुन्या शाळांपैकी वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस ही शाळा १८६३ मध्ये स्थापन झाली. लोहमार्गालगत मध्यमवर्गीय वसाहती वाढू लागल्यावर स्थानिक रहिवाशांनी शिक्षणसंस्था काढल्या; लोकमान्य टिळकांच्या स्मरणार्थ १९२१ साली विलेपार्ले येथे सुरू झालेले पार्ले टिळक विद्यालय हे त्यांतील ठळक उदाहरण. १९५० मध्ये बृहन्मुंबईची हद्द जोगेश्वरी व भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत घाटकोपरच्या पंतनगरासारख्या गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती व सहकारी गृहसंस्था यांमुळे विद्यार्थिसंख्या वेगाने वाढली. भाड्याच्या खोल्या किंवा पत्र्याची शेड यांत शाळा सुरू करावी, वर्गणी जमेल तसा एकेक मजला चढवावा, असा अनेक संस्थांचा क्रम होता. आज वापरात असलेल्या इमारतींचा मोठा भाग याच काळातील आहे. त्यांच्या कित्येक दोषांचे मूळ वास्तुविशारदाच्या अज्ञानापेक्षा या तुकड्या-तुकड्यांनी झालेल्या बांधणीत शोधावे लागते. मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ९३,५६,९६२ होती व घनता दर चौ. किमी.स सु. २१,००० होती, शाळेसाठी नवा भूखंड मिळणे किती अवघड आहे, हे त्यावरून कळते.

वर्गखोली : माध्यमिक शिक्षण आयोगाने (मुदलियार आयोग, १९५२-५३) वर्गात शक्यतो ३० व जास्तीत जास्त ४० विद्यार्थी असावेत, शाळेची एकूण संख्या ५०० च्या आसपास व फार तर ७५० असावी आणि वर्गखोलीत दर विद्यार्थ्यामागे निदान १० चौ. फुट जागा असावी, असे सुचविले होते. २० × २५ फुटांच्या खोलीत साठ विद्यार्थी बसविल्यास प्रत्येकाच्या वाट्याला सु. ८.३ चौ. फुट येतात व त्यांतच शिक्षकाची जागा, फळा आणि ये-जा करण्याची वाट सामावते. खोलीत चाळीसच विद्यार्थी असतील, तर हा वाटा १२.५ चौ. फुट होतो व बाकांची मांडणी बदलता येते. गटात बसून करावयाचे काम, प्रयोग किंवा चर्चा या अध्यापनपद्धतींचा पुरस्कार कितीही केला, तरी बाकांच्या तीन घट्ट रांगांत त्या होऊ शकत नाहीत. शिक्षक पद्धत बदलत नाहीत, अशी जी तक्रार केली जाते तिचे उत्तर पुष्कळदा जमिनीच्या क्षेत्रफळात असते.

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार (पहिली आवृत्ती १९७०, सुधारित १९८३, २००५ व २०१६) शैक्षणिक इमारतीतील छताची उंची ३.६ मी. असावी लागते. दमट-उष्ण हवामानात खिडक्यादी उघड्या भागांचे क्षेत्रफळ जमिनीच्या क्षेत्रफळाच्या निदान एकषष्ठांश असावे, असेही ही संहिता सांगते. खिडकीच्या माथ्याच्या उंचीच्या सु. दोन ते अडीच पट अंतरापर्यंतच नैसर्गिक उजेड उपयुक्त प्रमाणात पोहोचतो. म्हणून खोल खोलीत एकाच भिंतीला खिडक्या असल्यास पलीकडच्या रांगेतील विद्यार्थ्यांना दिवसाही दिव्याखाली वाचावे लागते. पावसाळी आभाळ असताना हा फरक अधिकच जाणवतो. उजेड विद्यार्थ्याच्या डाव्या बाजूने यावा, हा जुना नियम उजव्या हाताने लिहिणाऱ्यांपुरता खरा आहे. दोन्ही बाजूंनी येणारा उजेड सर्वांना सोयीचा असतो. फळ्यालगतची खिडकी मात्र टाळावी, कारण तिच्या चकाकीमुळे कडेच्या बाकांवरून अक्षरे दिसत नाहीत.

दिशा व वायुवीजन : मुंबई सु. १९° उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. परंतु या काळात आधी सुट्टी व नंतर ढगाळ हवा असल्याने उत्तरेकडील खिडक्यांचा त्रास होत नाही. त्रास होतो तो पश्चिमेच्या उन्हाचा. पंचाईत अशी, की येथील सुखद वारा, मग तो दुपारचा समुद्रवारा असो किंवा पावसाळी वारा, मुख्यतः पश्चिमेकडूनच येतो. ऊन टाळावे तर वारा जातो आणि वारा घ्यावा तर ऊन येते. यावर इमारत संहितेने सुचविलेला तोडगा असा : वारा पूर्व वा पश्चिमेकडून येत असेल, तर इमारत वाऱ्याच्या दिशेशी ४५° चा कोन करून उभारावी. त्यामुळे उन्हाची झळ कमी होते आणि खोलीतील वाऱ्याचा वेग फारसा घटत नाही. लहान व वेड्यावाकड्या भूखंडावर हे नेहमी साधत नाही. तेथे लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवून खोल छज्जे व उभे पडदे यांचा आधार घ्यावा लागतो.

वायुवीजनाचा दुसरा भाग ओसरीशी निगडित आहे. एका बाजूला ओसरी व दुसऱ्या बाजूला खिडक्या असलेल्या वर्गातून वारा आरपार जातो. जुन्या शाळांची ही ठेवण केवळ सवयीची नव्हती. भूखंड अपुरा पडू लागल्यावर मधोमध मार्गिका व दोन्ही बाजूंस वर्ग अशी रचना रूढ झाली. तीत खोल्या जास्त मिळतात, पण आरपार वारा बंद होतो, मार्गिका अंधारी होते आणि समोरासमोरच्या वर्गांचे आवाज एकमेकांत मिसळतात. पंख्याने हवा फिरते, बदलत नाही. करोना साथीत मार्च २०२० पासून बंद असलेले शहरी भागांतील आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा सुरू झाले, तेव्हा हा भेद सर्वसामान्य पालकांच्याही लक्षात आला होता.

पाऊस : सांताक्रूझ येथे वर्षाला सु. २,३०० मिमी. पाऊस पडतो व त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या काळातील असतो. शैक्षणिक वर्षही जूनच्या मध्यास सुरू होते. म्हणजे पाचवीत नव्याने आलेला विद्यार्थी शाळेची ओळख करून घेतो ती ओल्या कपड्यांनिशी. असे असूनही छत्र्या व रेनकोट निथळत ठेवण्याची जागा शाळेच्या आराखड्यात क्वचितच दाखविलेली असते. त्या वस्तू वर्गात बाकांखाली जातात, फरशी निसरडी होते आणि आधीच दमट असलेली हवा कोंदट बनते. ओसरीच्या कठड्याला खुंट्या व खाली पन्हळ एवढी साधी सोय पुरेशी असते. मैदान चार महिने चिखलाचे असल्यामुळे खांबांवर उभारलेल्या इमारतीचा मोकळा तळमजला हे उपनगरी शाळेचे खरे क्रीडांगण ठरते. प्रार्थना, कवायत, मधल्या सुट्टीतील डबा आणि खेळ या सर्वांना तो उपयोगी पडतो. त्याला भिंती घालून कार्यालय किंवा जादा वर्ग करण्याचा मोह अनेक ठिकाणी आवरला गेलेला नाही.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिमी. पावसाची नोंद झाली. त्या दिवशी अनेक विद्यार्थ्यांना शाळेतच रात्र काढावी लागली. जोत्याची उंची, वीजमापकांची व दप्तराची जागा, वरच्या मजल्यावर पिण्याच्या पाण्याचा साठा व स्वच्छतागृह या बाबींकडे तेव्हापासून आपत्कालीन निवाऱ्याच्या दृष्टीनेही पाहणे भाग आहे.

आवाज : जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शिकेनुसार अध्यापन चालू असताना वर्गातील पार्श्वध्वनी ३५ डेसिबेलपेक्षा अधिक नसावा. भारतात ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनी (२०००) शाळेभोवतालचा १०० मी. परिसर शांतताक्षेत्र म्हणून घोषित करण्याची तरतूद केली. तेथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबेल आहे. उपनगरांत शाळा स्थानकाजवळ असणे सोयीचे, पण लोहमार्ग, हमरस्ता आणि काही भागांत विमानांचा मार्ग यांमुळे ही मर्यादा पाळली जाणे कठीण असते. न्यूयॉर्कमधील उन्नत लोहमार्गालगतच्या एका शाळेचा अभ्यास आर्लिन ब्रॉनझाफ्ट व डेनिस मॅकार्थी यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात मार्गाच्या बाजूच्या वर्गांतील मुले त्याच शाळेच्या शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात काही महिने ते सु. एक वर्ष मागे असल्याचे दिसले. पुढे रुळांखाली रबरी गाद्या व वर्गांत ध्वनिशोषक छत बसविल्यावर हे अंतर उरले नाही. शिकविण्याची पद्धत व अभ्यासक्रम तेच होते, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. मुंबईत खिडक्या बंद करून आवाज अडविणे हवामानामुळे शक्य नसते. म्हणून जिने, प्रयोगशाळा, भांडारगृह व स्वच्छतागृहे रस्त्याच्या किंवा रुळांच्या बाजूला आणि वर्ग आतल्या बाजूला, अशी मांडणीच उपयोगी पडते.

दोन अधिवेशने : सकाळ व दुपार अशा दोन अधिवेशनांमुळे एका इमारतीत दोन शाळा नांदतात. भिंतीवर लावलेले तक्ते व विद्यार्थ्यांची कामे कोणाची, हा प्रश्न क्षुल्लक वाटला, तरी वर्ग आपला आहे ही भावना त्याच्याशी निगडित असते. दोन अधिवेशनांच्या मधल्या वेळेत झाडलोट पुरती होत नाही. सुटणारे व येणारे विद्यार्थी एकाच जिन्यावर समोरासमोर येतात, १.५ मी. ही शैक्षणिक इमारतींतील जिन्याची किमान रुंदी या प्रसंगी पुरत नाही. येण्याचा व जाण्याचा जिना वेगळा असावा आणि जिन्याखाली वा उतरणीवर सामान नसावे. तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेला लागलेल्या आगीत ९४ बालके दगावली. तेथील अरुंद वाटा हे जीवितहानीचे एक कारण होते.

किशोरावस्थेच्या गरजा : या वयात शरीर झपाट्याने बदलते, समवयस्कांची सोबत महत्त्वाची होते आणि अधूनमधून एकटेपणाही हवासा वाटतो. मुंबईतील एका खोलीच्या घरात राहणाऱ्या विद्यार्थ्याला तो एकटेपणा शाळेच्या ग्रंथालयाखेरीज अन्यत्र मिळण्याची शक्यता कमी असते. ग्रंथालय म्हणजे कुलूपबंद कपाटांची खोली नव्हे; शाळा सुटल्यानंतरही तास-दोन तास उघडी राहील अशी, प्रवेशद्वाराजवळील अभ्यासिका तिला जोडलेली असावी. मुलींची स्वच्छतागृहे प्रत्येक मजल्यावर, आतून कडी लागणारी, पाणी व विल्हेवाटीची सोय असलेली हवीत. ती नसल्यास मुली दिवसभर पाणी पिण्याचे टाळतात. समुपदेशनाची खोली मुख्याध्यापकांच्या कार्यालयालगत असल्यास तेथे जाणारा विद्यार्थी शिक्षेस आला आहे, असा समज होतो. ती ग्रंथालयाच्या बाजूला असणे इष्ट. उतरणीचा चढ १ : १२ पेक्षा तीव्र नसावा. बालकांच्या शिक्षणहक्काचा २००९ चा अधिनियम मैदान, ग्रंथालय, स्वतंत्र स्वच्छतागृहे व निर्वेध प्रवेश यांचा आग्रह धरतो, पण तो आठवीपर्यंतच लागू आहे. नववी-दहावीचे विद्यार्थी त्याच इमारतीत असल्यामुळे त्यांना त्याचा लाभ मिळतो, एवढेच.

पुनर्बांधणी : खाऱ्या, दमट हवेत काँक्रीटमधील सळ्या लवकर गंजतात. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी मुंबईत कायद्याने आवश्यक आहे आणि १९६०-८० च्या दरम्यानच्या शाळा आता या मर्यादेपलीकडे गेल्या आहेत. दुसरीकडे मराठी माध्यमाच्या अनेक शाळांतील पटसंख्या घटली असून काही ठिकाणी खोल्या रिकाम्या पडल्या आहेत. ग्रंथालय, कलावर्ग किंवा एकच अधिवेशन यांसाठी त्या वापरण्याची ही संधी आहे. परंतु जागेच्या बाजारभावामुळे त्या खोल्या ‘अतिरिक्त’ ठरविण्याकडे कल दिसतो. नव्या इमारतीचा आराखडा बहुधा चटईक्षेत्राच्या हिशेबाने तपासला जातो. वापराच्या दृष्टीने त्याची पारख करावयाची झाल्यास ती दोन वेळा करावी लागते : एकदा जुलैतील मुसळधार पावसात मधल्या सुट्टीच्या वेळी आणि एकदा ऑक्टोबरमध्ये, सहामाही परीक्षेच्या दिवसांत, दुपारच्या अधिवेशनात पश्चिमेकडील सर्वांत वरच्या मजल्यावर.