पुण्याची सहल : काय पाहावे व कसे दाखवावे

दिवाळीच्या सुट्टीनंतर खेड्यांतील शाळांच्या सहली पुण्याकडे निघतात. एका दिवसात आठ-दहा स्थळे उरकण्याची धांदल होते आणि पालकांनी पोटास चिमटा घेऊन दिलेल्या पैशांत मुलांच्या पदरी मोटारीतील बैठकच अधिक पडते. त्याऐवजी पायी हिंडता येईल असा पेठांचा भागच निवडावा.

आरंभ शनिवारवाड्यापासून करावा. येथे मुलांचा हमखास विरस होतो; कारण दिल्ली दरवाजातून आत गेल्यावर वाडा दिसतच नाही. सन १७३० मध्ये पहिल्या बाजीरावांनी पायाभरणी केलेल्या या वाड्याचे मजले लाकूड-विटांचे होते. सन १८२८ च्या आगीत ते जळाले. तट, दरवाजे, जोती व कारंज्याचे हौद तेवढे उरले. ही गोष्ट शाळेतच सांगून ठेवावी. मग मुले जोत्यांवरून दालनांचा अंदाज स्वतःच बांधू लागतात. वाटाड्या घ्यावयाचा असल्यास त्याला आधीच बजावावे की, भुताखेतांच्या कथा नकोत. नारायणराव पेशव्यांचा येथे सन १७७३ मध्ये खून झाला, हे सत्य पुरेसे आहे. भुताची गोष्ट तेवढी मुलांच्या ध्यानात राहते व बाकीचे सारे विसरते.

जवळचा लालमहाल दाखविताना, सध्याची इमारत विसाव्या शतकात महानगरपालिकेने बांधलेली आहे, हे अवश्य सांगावे. सन १६६३ मध्ये शिवाजीमहाराजांनी शाहिस्तेखानावर छापा घातला तो मूळ वाडा आता नाही.

पुढे बुधवार पेठेत भिडेवाड्याची जागा लागते. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी सन १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली ती येथे. मूळ इमारत सन २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आली. पाहण्याजोगे फारसे नसले, तरी शिक्षकाने येथे दोन मिनिटे थांबू नये तर कोठे थांबावे?

शनिवारवाड्यात जे जळाले ते कसे असेल, याचे उत्तर विश्रामबागवाड्यात मिळते. दुसऱ्या बाजीरावांच्या या वाड्याचे कोरीव लाकडी खांब मुलांस जवळून पाहू द्यावेत. दुरुस्तीमुळे काही भाग बंद असू शकतो. म्हणून आधी चौकशी करावी.

अखेरीस राजा केळकर संग्रहालय. दिनकर केळकरांनी जमविलेले दिवे, अडकित्ते, भांडी पाहून, ‘हे तर आमच्या आजीकडे आहे’ असे एखादी मुलगी म्हणतेच. तिला तेथे रेंगाळू द्यावे. घाई करू नये.