दोन निरपराध माणसे

मॉकिंगबर्ड हा अमेरिकेतील एक लहानसा पक्षी आहे. तो इतर पक्ष्यांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो आणि तासन्‌तास गात राहतो. तो कोणाचे काहीच बिघडवत नाही. म्हणूनच त्याला मारणे हे पाप आहे, असे एका प्रसिद्ध कादंबरीत सांगितले आहे. हार्पर ली या लेखिकेच्या त्या कादंबरीचे नाव आहे ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’. ती १९६० साली प्रसिद्ध झाली आणि १९६१ साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

कादंबरीतील घटना १९३० नंतरच्या दशकात घडतात. अमेरिकेच्या दक्षिण भागातील अलाबामा राज्यात मेकोंब नावाचे एक काल्पनिक गाव आहे. त्या काळी तेथे गोरे आणि कृष्णवर्णीय यांच्या शाळा वेगळ्या, चर्च वेगळी आणि न्यायालयात बसण्याच्या जागाही वेगळ्या होत्या. ही कथा आपल्याला सांगते स्काउट नावाची एक लहान मुलगी. जेम हा तिचा भाऊ. त्यांचे वडील ॲटिकस फिंच हे वकील आहेत. या गावात दोन माणसे अशी आहेत की, गाव त्यांना आपले मानत नाही. एक बू रॅडली आणि दुसरा टॉम रॉबिन्सन.

बू रॅडली गोरा आहे. त्याचे खरे नाव आर्थर. तरुणपणी मित्रांबरोबर त्याने काही दांडगाई केली. न्यायाधीशांनी त्या मुलांना सुधारशाळेत पाठवायचे ठरवले. बूच्या वडिलांना ही गोष्ट लाजिरवाणी वाटली. त्यांनी मुलाला घरी आणले आणि दार बंद केले. गंमत पाहा! जी मुले सुधारशाळेत गेली, ती चांगली शिकली. घरी राहिलेला बू मात्र वर्षानुवर्षे कोणाच्या नजरेस पडला नाही. मग लोकांच्या जिभेला हाड राहिले नाही. तो रात्री खिडक्यांतून डोकावतो, खारी आणि मांजरे खातो, अशा अफवा पसरल्या. प्रत्यक्षात हाच बू झाडाच्या ढोलीत मुलांसाठी छोट्या छोट्या भेटवस्तू ठेवत होता. थंडीच्या रात्री शेजारच्या घराला आग लागली, तेव्हा स्काउटच्या अंगावर नकळत घोंगडी टाकणाराही तोच होता.

टॉम रॉबिन्सन कृष्णवर्णीय आहे. तो पंचवीस वर्षांचा, बायकामुले असलेला कष्टाळू शेतमजूर. लहानपणी कापसातील सरकी काढण्याच्या यंत्रात सापडून त्याचा डावा हात निकामी झाला होता. कामावर जाताना त्याला रोज बॉब यूएल या गोऱ्या माणसाच्या घरावरून जावे लागे. दुसरी वाट नव्हती. यूएलची मुलगी मायेला एकटी राबत असे. तिची दया येऊन टॉम तिची लहानसहान कामे पैसे न घेता करून देई. पुढे याच मुलीने आणि तिच्या बापाने टॉमवर अत्याचाराचा खोटा आरोप केला.

ॲटिकस टॉमचे वकीलपत्र घेतात. मायेलाच्या चेहऱ्यावर उजव्या बाजूस मार लागलेला होता. समोरून असा मार बहुधा डावखुरा माणूसच देतो. टॉमचा डावा हात तर हलतही नाही, आणि बॉब यूएल मात्र डावखुरा आहे! पुरावा इतका स्पष्ट असूनही बारा गोरे पंच टॉमला दोषी ठरवतात. त्या मुलीची मला दया आली, असे टॉम न्यायालयात सांगतो, तेव्हा गोरे लोक चिडतात. कृष्णवर्णीयाने गोऱ्याची कीव करावी, हेच त्यांना सहन होत नाही. पुढे तुरुंगातून पळून जाण्याचा प्रयत्न करताना टॉम गोळ्या लागून मरतो.

असे फक्त कादंबरीतच घडते, असे समजू नका. १९३१ साली याच अलाबामा राज्यात नऊ कृष्णवर्णीय मुलांवर असाच खोटा आरोप झाला होता आणि गोऱ्या पंचांनी त्यांपैकी आठ जणांना देहांताची शिक्षा सुनावली होती. ती शिक्षा अमलात आली नाही, परंतु त्या मुलांची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली.

आता या दोघांची तुलना करू या. दोघेही निरुपद्रवी आहेत, दोघेही दुसऱ्याला मदत करतात आणि दोघांनाही न ओळखताच गावाने त्यांच्याविषयी मत बनवले आहे. म्हणून दोघेही मॉकिंगबर्डसारखे आहेत. पण येथेच थांबलो, तर आपण एक मोठा फरक विसरू.

कादंबरीच्या शेवटी बॉब यूएल अंधारात सुरी घेऊन स्काउट आणि जेमवर हल्ला करतो. बू धावून येतो व मुलांना वाचवतो. झटापटीत यूएल मरतो. तेव्हा शेरीफ, म्हणजे तेथील पोलीस अधिकारी, यूएल स्वतःच्याच सुरीवर पडला, असे ठरवून टाकतो. लाजाळू बूला लोकांसमोर ओढणे त्याला पाप वाटते. म्हणजे बूच्या हातून माणूस मेला, तरी त्याला दया मिळाली. टॉमने काहीही केले नव्हते, तरी त्याला साधा न्यायही मिळाला नाही. बूला अफवांनी छळले. टॉमला अफवेबरोबरच कायद्याने आणि रंगाच्या भेदाने छळले. बूला निदान आपल्या घराचे दार लावून घेता आले. टॉमला लपायला दारच नव्हते.

शेवटी स्काउट बूला घरी पोहोचवते. त्याच्या ओसरीवर उभी राहून ती आपल्या गल्लीकडे पाहते. रोजचीच गल्ली, पण तेथून ती वेगळी दिसते. बूच्या जागी उभे राहिल्यावर तिला बू कळतो.

मित्रांनो, टॉमच्या ओसरीवर मात्र गावातील फारच थोडे लोक उभे राहिले. बारा पंचांपैकी प्रत्येक जण क्षणभर तेथे उभा राहिला असता, तर निकाल काय लागला असता? एखाद्याविषयी ऐकीव गोष्टींवरून मत बनवण्यापूर्वी हा प्रश्न तुम्हीही स्वतःला विचारून पाहा.